चार बोटं उंचीवर

‘ॲडजस्ट’ हा शब्द मराठीत दोन ठिकाणी राहतो, घरात आणि गॅरेजमध्ये. घरातला ॲडजस्ट माणसाला सांगितला जातो. नव्या सुनेला, एसटीत दोघांच्या सीटवर तिसरा म्हणून बसलेल्याला, फ्लॅटमधल्या चौथ्या रूममेटला. थोडं ॲडजस्ट कर ना, म्हणजे तू वाक, बाकी सगळं आहे तसंच राहणार आहे. गॅरेजमध्ये हाच शब्द उलटा होतो. तिथे माणूस सरळ उभा असतो आणि वाकायचं असतं मशीनने. ब्रेक फार खाली जातोय, जरा ॲडजस्ट करून द्या. क्लच कडक आहे, ॲडजस्ट करून द्या.

हे दोन ॲडजस्ट खरोखर वेगळे आहेत का, हा प्रश्न मला आमच्या घरच्या एका जुन्या रीपरमुळे पडला. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. घर भंडारा जिल्ह्यात, लाखनी तालुक्यात. शेती धानाची. रीपर म्हणजे धान कापायचं छोटं यंत्र. हार्वेस्टर कापतो, मळतो आणि दाणे टाकीत भरून देतो. रीपर यातलं पहिलंच काम करतो. उभं धान बुडाशी कापतो, उभ्याउभ्याच पट्ट्यावरून उजवीकडे सरकवतो आणि ओळीने आडवं टाकून पुढे जातो. नंतर बायका ते गोळा करतात, कडपा वाळतात, भारे बांधले जातात, पुंजणे रचले जातात. आमचा रीपर बाबांनी घेतला तेव्हा मी शाळेत होतो. पुढे पाच फुटांच्या आतबाहेरचा कटर बार, मध्ये इंजिन, मागे बसायला भोकांची लोखंडी सीट.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या जुन्या, बसून चालवायच्या लॉनमोअरचे रिस्टोरेशनचे व्हिडिओ तुम्ही रात्री झोप येत नसताना पाहिले असतील. मीही पाहतो. गंजलेला डेक उलटा करतात, वाळलेल्या गवताचे थर खरवडतात, ब्लेडला धार लावतात, मग लेव्हल करतात. आमचा रीपर त्या मोअरचा गरीब नातेवाईक. फरक कापण्याच्या रीतीत आहे. मोअरचं ब्लेड आडवं गरगर फिरतं आणि केवळ वेगावर गवत उडवतं. त्याच्यासमोर धरून ठेवणारं दुसरं काही नसतं. रीपर कात्रीसारखा कापतो. त्रिकोणी ब्लेडांची एक लांब पट्टी डावी-उजवी धावते. तिच्याखाली स्थिर ‘फिंगर’ असतात. फिंगर काडी धरून ठेवतं आणि ब्लेड ती कापतं. हे डोकं जुनं आहे. ओबेड हसी नावाच्या अमेरिकन माणसाने १८३३मध्ये अशा धावत्या दातेरी पात्याच्या कापणी यंत्राचं पेटंट घेतलं. सायरस मॅकॉर्मिकचं पेटंट १८३४चं. जुन्या घडणीच्या पुष्कळ यंत्रांत दोन ब्लेडांच्या टोकांमधलं अंतर आजही तीन इंच, म्हणजे ७६.२ मिलिमीटर असतं. लॉनमोअरचं पेटंट १८३०चं, इंग्लंडमधल्या एडविन बडिंगचं. त्याला ती कल्पना लोकरी कापडावरची लव कापणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. म्हणजे गवत कापायचं यंत्र आधी कापड कापत होतं. हे मला उगीचच आवडतं.

मागच्या दिवाळीत रीपर धान कापेना, फाडू लागला. काडी तुटायची पण तुकड्यात नाही, दोऱ्यासारखी तंतू सोडून. मधेच एखादा झुबका न कापताच मुळासकट ओढला जायचा. आमच्याकडचा मिस्त्री सत्तरीला आलेला आहे. त्याने आधी प्लगची वायर काढून बाजूला बांधली, मग क्रँकची चाकी हाताने हळूहळू फिरवत ब्लेडपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती पाहिली. दहा मिनिटं काहीच बोलला नाही.

मी धार गेली असेल असं धरून चाललो होतो. धार थोडी गेली होतीच. तीन ब्लेडं बदलावी लागली. जुनी रिव्हेट छिन्नीने तोडून नवी ठोकली. (रिव्हेटला आमच्या भागातला कुठलाही मिस्त्री ‘रिपीट’ म्हणतो. प्रोग्रामिंग करणाऱ्याला हे ऐकून बरं वाटतं.) पण मुख्य दुखणं फटीत होतं. ब्लेडचं टोक खालच्या फिंगरच्या पट्टीला जवळजवळ टेकून धावायला हवं आणि मागच्या बाजूला केसाएवढी जागा हवी. वर्षानुवर्षं घासून मधल्या भागात ही फट वाढली होती. काडी त्या फटीत शिरायची, दुमडायची आणि मग ओढली जायची. शिवणाची कात्री खिळखिळी झाली की कापड तिच्या दोन पात्यांत आडवं होतं, तसंच. वरून ब्लेडपट्टी दाबून ठेवणाऱ्या क्लिपा असतात. मिस्त्री त्या एकेक करून हातोडीने हलकेच ठोकायचा, क्रँक फिरवून पाहायचा, पुन्हा ठोकायचा. जास्त ठोकलं तर पट्टी अडकते आणि तापते, कमी ठोकलं तर फट राहते. मग धानाची एक काडी फिंगरमध्ये धरून चाकी फिरवायची. काडी ‘कच्च’ करून तुटली की पुढच्या फिंगरकडे.

हे पाहताना मला नागसेनाचा रथ आठवत होता. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, रथ म्हणजे नेमकं काय? चाक रथ आहे का? आस रथ आहे का? सगळे भाग नुसते एकत्र पडले तर तो रथ आहे का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७०मध्ये उत्खनन झालं आणि मोठ्या स्तूपाचे अवशेष निघाले. त्यामुळे हा प्रश्न आमच्या जिल्ह्यातही कधीकाळी कुणी कुणाला विचारला असेल, असं मानायला मला आवडतं. शाळेत याचं उत्तर ‘भागांची विशिष्ट रचना म्हणजे रथ’ असं ऐकलं होतं. रीपरपाशी बसल्यावर मी त्यात थोडी भर घालेन. आमच्या रीपरचे सगळे भाग होते, रचनाही तीच होती. फक्त दोन भागांमधली मोकळी जागा जरा वाढली, आणि तेवढ्याने ते कापणारं यंत्र राहिलं नाही. ती मोकळी जागा कुठल्याही पार्ट्सच्या यादीत नसते, दुकानात मिळत नाही. ती कुणीतरी येऊन राखावी लागते.

फट जमली. मग बार सरळ करायचा होता. डावं टोक उजव्यापेक्षा खाली होतं. मी पाना घेऊन बारचे बोल्ट सोडायला निघालो तर मिस्त्रीने हवेचा गेज पुढे केला. डाव्या चाकात हवा कमी होती. यंत्राचा बार तिरका दिसतो तेव्हा बार तिरका असतोच असं नाही, यंत्र एका पायावर उभं असतं. लॉनमोअरचा डेक लेव्हल करतानाही पहिली पायरी हीच, चारही टायरांची हवा बघा. दोन्ही चाकं सारखी केली. मी उंची मोजायला टेप घेतला.

“बसा जी साहेब आधी,” मिस्त्री म्हणाला. “वजन द्या. रिकामी मशीन काई धान कापत नाई.”

मी सीटवर बसलो. पुढचा बार डोळ्यांदेखत वर आला. फार नाही, बोटभर. मागे माणूस बसला की पुढचं टोक उचलतं. मोकळ्या यंत्रावर अचूक मोजलेली उंची शेतात चुकीची ठरणार. लॉनमोअरमध्येही असाच एक प्रकार आहे. डेक अगदी समपातळीत ठेवत नाहीत. पुढची कड मागच्यापेक्षा किंचित खाली, तीन ते सहा मिलिमीटर, अशी ठेवतात. म्हणजे ब्लेड पुढे एकदाच कापतं, मागे येताना कापलेल्यावर पुन्हा घासत नाही. ट्रॅक्टरच्या बाजूला लावायच्या मोअरचा बार तर उभा असताना मुद्दाम वाकडा बसवतात. बाहेरचं टोक दर मीटरला साधारण दोन सेंटिमीटर पुढे. चालू लागलं की गवताचा दाब ते टोक मागे ढकलतो आणि बार सरळ होतो. थांबलेल्या अवस्थेत सरळ दिसणारं कामात वाकडं असतं.

आमच्या कामात याला टेस्टिंगचा सर्व्हर आणि खरा सर्व्हर यांतला फरक म्हणतात. पण मला त्या सीटवर बसून दुसरंच काही लक्षात आलं. मिस्त्रीने उंची माझ्या वजनावर जमवली. रीपर चालवतो माझा धाकटा भाऊ. तो माझ्यापेक्षा दहा-बारा किलोने हलका. मी हे सांगितल्यावर मिस्त्रीने मला उठवलं, भावाला शेतातून बोलावलं आणि सगळं पुन्हा केलं. म्हणजे ‘बरोबर’ उंची अशी वस्तू यंत्रात नव्हतीच. ती कुणाच्यातरी बुडाखाली बरोबर असते.

आणि मग तो साधा प्रश्न आला, ज्यावर हा सगळा लेख आहे. उंची ठेवायची किती?

मॅन्युअल कधीच हरवलंय. असतं तरी त्यात ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशी मर्यादाच दिली असती. यंत्राच्या दृष्टीने ती पूर्ण मर्यादा ठीक आहे. पण कापायच्या उंचीवर चार जणांचा दावा असतो आणि चौघांना वेगवेगळी उंची हवी असते.

पहिली जनावरं. धानाचा पेंढा, आमच्याकडे तणस म्हणतात, हा गोठ्यातला वर्षभराचा चारा. बुडापासून जितकं खाली कापाल तितकं तणस जास्त. त्यांच्या बाजूने जमिनीला टेकून कापा.

दुसरं ब्लेड. जमिनीला टेकलं की बांधीतली माती, धुऱ्याचा उंचवटा, एखादा खडा. एका खड्यात दोन ब्लेडं जातात.

तिसरी लाखोरी. हे बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. पूर्व विदर्भात धान कापायच्या आधीच, उभ्या पिकात, ओलाव्यावर लाखोरी फेकतात. नांगरणी नाही, पाणी नाही. धान पिवळं होत असताना खाली लाखोरीचे कोंब हिरवे होत असतात. लाखोरी डाळीच्या विक्रीवरची जुनी बंदी महाराष्ट्राने २००८मध्ये उठवली, पण आमच्या बांध्यांनी ती बंदी कधी फार मनावर घेतली नव्हती. तर धान कापताना ब्लेड या कोंबांच्या वरून गेलं पाहिजे. फार खाली कापलं तर एका पिकाबरोबर दुसरंही कापलं जातं.

चौथ्या बांधणाऱ्या बायका. फार उंच कापलं की काडी आखूड येते, भारा नीट आवळला जात नाही, उचलताना सुटतो. त्यांचा हिशेब भाऱ्यांवर असतो. सुटलेला भारा पुन्हा बांधायचे वेगळे पैसे नाहीत.

मिस्त्रीने उंची विचारली. मी इंजिनिअरसारखा सेंटिमीटर सांगायला लागलो. बाबांनी जमिनीवर हात आडवा ठेवला. चार बोटं. अंगठा सोडून. वर्षानुवर्षं हीच उंची. यातून जनावरांना थोडं कमी तणस मिळतं, ब्लेडं थोडी जास्त जातात, लाखोरीचे काही शेंडे उडतात आणि भारे बऱ्यापैकी बांधता येतात. चौघांपैकी कुणीच खूश नाही आणि कुणीच बुडालं नाही. माझ्या मते हा तंत्राचा निर्णय नाही, वाटणीचा निर्णय आहे. आपण ज्याला सेटिंग म्हणतो त्यात नेहमी कुणाचा तरी वाटा ठरत असतो. गॅरेजमधला ॲडजस्ट तितका निरागस नाही. मशीन वाकते ती कुणाच्या तरी बाजूने वाकते. आणि ती वाकली नाही, तर कुणाला तरी घरातल्या अर्थाने ॲडजस्ट करावं लागतं.

हार्वेस्टरच्या बाबतीत हे उघड दिसतं. हंगामात आमच्या भागात हार्वेस्टर येतात, त्यातले कित्येक पंजाबातून, चालकासकट. ओल्या बांधीसाठी रबरी चेनवाले. भाडं वेळेवर किंवा एकरावर. त्यांना खाली कापा म्हटलं तर ते नाही म्हणतात, आणि त्यात दुष्टपणा काही नाही. खाली कापलं की यंत्रात जास्त काडी जाते, मळणीला जास्त वेळ लागतो, दिवसाचे एकर कमी होतात. कापायची उंची बदलायचा लिव्हर चालकाच्या हाताशीच असतो. पण तो लिव्हर कुलूपबंद आहे, भाड्याच्या हिशेबाने. मग बाकी सगळे ॲडजस्ट करतात. अर्धं तणस खुंटासारखं उभं राहतं, उरलेलं चुरून विखुरतं. लाखोरी चेनखाली जाते. यंत्र वळायला जागा हवी म्हणून धुरे फोडून दोन बांध्यांची एक होते. उभे खुंट जाळायची सवय आमच्याकडेही हळूहळू शिरते आहे. पंजाबात २००९च्या कायद्याने भूजल वाचवायला धानाची लावणी पुढे ढकलली, त्यामुळे धान कापणं आणि गहू पेरणं यांतले दिवस कमी झाले, आणि खुंट पेटवणं सोपं वाटू लागलं. आमच्याकडे त्यानंतर गव्हाची तशी घाई नाही. यंत्र मात्र त्या घाईत घडलेलं आहे.

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल की जुनं छोटं यंत्र चांगलं आणि नवं मोठं वाईट, असा हा लेख आहे. मलाही तो तसा लिहायला सोपा गेला असता. आमच्याकडे भारे बांधायला येणाऱ्या बायकांच्या गटातल्या एका काकूंनी ती सोय ठेवली नाही. मिस्त्री गेल्यावर मी रीपरला ग्रीस लावत होतो. त्या पाणी प्यायला आल्या होत्या. बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “बाबू, ही मशीन आणली तवा आमची कापणी गेली. तवा कोनाले काई वाटलं नाई. आता मशीन म्हातारी झाली त तिची दया येऊन राह्यली.”

यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या आधी विळ्याने धान कापायच्या. कापणी आणि बांधणी दोन्हींचे पैसे मिळायचे. रीपर आला आणि कापणी गेली, बांधणी उरली. हार्वेस्टर आला की बांधणीही जाईल. मी ज्याला ‘दुरुस्ती’ म्हणून जपतोय ते त्यांच्यासाठी अर्धं नुकसान आहे, आणि अर्धं नुकसान पुऱ्या नुकसानीपेक्षा बरं एवढंच त्याचं समर्थन. त्यांची विळ्याची कापणी तरी सुखाची होती का? दिवसभर कंबरेतून वाकून, चिखलात. त्याच काकू कंबरेला पट्टा बांधून येतात. विळ्यालाही कुणीतरी ॲडजस्ट करतच होतं.

भावाचं म्हणणं वेगळं आणि तितकंच खरं. “दादा, पाऊस काई तुझ्या लॅपटॉपवर नाई पडत.” कडपा बांधीत वाळत पडलेल्या असताना अवकाळी पाऊस आला की लोंबीतल्या दाण्याला कोंब फुटतात. हार्वेस्टर दिवसात उरकतो. पडलेलं, लोळलेलं धान तर रीपरला उचलताच येत नाही. पुण्यात बसून मी जुन्या यंत्राचं तत्त्वज्ञान करू शकतो, धोका तो घेतो.

जगात सध्या ‘दुरुस्तीचा हक्क’ यावर बरीच चर्चा आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी असा कायदा केला. कंपनीने शेतकऱ्याला सुटे भाग, माहितीपत्रकं आणि सॉफ्टवेअर द्यायला हवं. भारतातही २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समिती नेमली. तिने ठरवलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारं आहेत. मी या बाजूचाच आहे. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस असूनही, किंवा म्हणूनच. पण या हक्काने यंत्र होतं तसं परत करता येतं. ते कसं असावं हे कोण ठरवणार, तो प्रश्न तसाच उरतो. आमच्या मिस्त्रीकडे पहिला हक्क पूर्वीपासून आहे, कुणी न देता. दुसरा हक्क बाबांच्या आडव्या हाताजवळ आहे. काकूंकडे दोन्ही नाहीत. उंचीवर त्यांचा दावा आहे हे मी वर लिहिलं, पण ते मी लिहिलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून यंदा भावाने एक केलं. माझं त्यात काही नाही, मी पुण्याहून फोनवर ऐकलं. सखल बांध्यांत हार्वेस्टर घातला, कारण तिथे पाणी होतं आणि आभाळ भरलं होतं. घराजवळच्या तीन बांध्या रीपरसाठी ठेवल्या, ज्यांत लाखोरी होती. सुरू करायच्या आधी बायकांना विचारलं, किती ठेवू? त्यांच्यात आधी भांडण झालं. दोघींना खाली हवं होतं, कारण त्यांच्या घरी गाय आहे आणि भाऱ्यामागे थोडं तणस त्या नेतात. काकू म्हणाल्या, डाव्या बांधीत लाखोरी जोरात आहे, तिथे बोटभर वर घ्या, बाकी दोन बांध्यांत खाली. बांधणीचा दरही त्यांनी तेव्हाच वाढवून मागितला. आखूड काडीच्या बांधीचा वेगळा, लांब काडीच्या बांधीचा वेगळा. बाबांना ते पटलं नाही. भावाने अर्ध्यावर आणलं.

रीपरच्या उंचीच्या पट्टीला कंपनीची चार भोकं आहेत. काकूंनी सांगितलेली उंची दोन भोकांच्या मधे येत होती. भाऊ पट्टी काढून लाखनीला घेऊन गेला. मिस्त्रीने पाचवं भोक पाडून दिलं.